केनिंग म्हणजे नुसतं रूपक नव्हे

केनिंग म्हणजे जुन्या इंग्रजी (अँग्लो-सॅक्सन) कवितेत एखाद्या गोष्टीला फिरवून दिलेलं नाव. वर एकांनी ‘केनिंग म्हणजे आपलं रूपकच’ असं लिहिलंय. अर्धंच पटलं. रूपक त्यात आहेच, पण केनिंग मुळात सामासिक शब्द आहे. बानहूस म्हणजे हाडांचं घर, म्हणजे शरीर. आपण समुद्राला रत्नाकर म्हणतो, तीच रीत. पण तिथल्या कवीला असे इतके शब्द का लागायचे, हे या चर्चेत अजून आलेलं नाही. त्याचं उत्तर छंदात आहे. अँग्लो-सॅक्सन ओळीचे दोन अर्ध असतात, मधे यती, आणि दोन्ही अर्धांना बांधतो तो अनुप्रास, म्हणजे जोर देऊन उच्चारलेल्या अक्षरांचा आरंभीचा ध्वनी. अंत्ययमक जवळजवळ नाहीच.

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी वीरकाव्याच्या या दोन ओळी मोठ्याने वाचून बघा. दहावी : ‘ओव्हर ह्रॉनराडे / ह्यूरान शॉल्डे’, म्हणजे देवमाशाच्या वाटेपलीकडच्यांना राजाचं ऐकावं लागलं. दोनशेवी : ‘ओव्हर स्वानराडे / सेचान वॉल्डे’, नायकाला हंसांच्या वाटेपलीकडे एका राजाच्या भेटीला जायचं होतं. दोन्हीकडे वाट म्हणजे समुद्रच! पुढे ‘ह’चं क्रियापद आलं म्हणून देवमासा, ‘स’चं आलं म्हणून हंस. साचा तोच, अक्षर बदललं. सभेत गाणाऱ्या स्कॉपच्या, म्हणजे दरबारी कवीच्या, जिभेवर असे जोडशब्द तयार असणारच. म्हणून केनिंगची यादी वेगळी पाठ करू नका, प्रत्येक शब्द त्याच्या ओळीसकट लिहून ठेवा. मला तरी हा विषय तेव्हाच कळायला लागला.