व्हिएन्नात एकच मंगळवार : कोणता राजवाडा आतून पाहावा?

वाटसरू_ठाणे : मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन व्हिएन्नाला जात आहे. हाती एकच मंगळवार आहे आणि तिघांच्या प्रवेशशुल्कासाठी ८० युरो ठेवले आहेत. वडिलांना चित्रांची ओढ आहे, तर आईला राजेशाही थाट पाहायचा आहे. आई शाकाहारी आहे, पण अंडे चालते. कृपया सुचवावे.

अलकनंदा : शोनब्रुनच पाहा. १,४४१ दालनांपैकी थोडीच खुली असली, तरी १७६२ मध्ये सहा वर्षांच्या मोझार्टने सम्राज्ञी मारिया तेरेसासमोर वादन केले तो राजवाडा हाच. सोन्याने मढवलेल्या दिवाणखान्यांनंतर, फ्रान्झ योसेफ सम्राटाने १९१६ मध्ये ज्यावर देह ठेवला तो साधा लोखंडी पलंग पाहताना मी बराच वेळ तिथून हलू शकले नाही.

कोकणकडा : वेळेचे तिकीट आधी काढा. आमच्या सहल कंपनीने ते काढले नव्हते, त्यामुळे रांगेतच दुपार गेली आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

दर्यावर्दी : ऑस्ट्रियात १९१८ पासून राजा नाही, मग थाट कुठून दिसणार? त्यापेक्षा लंडनला जाऊन पहारेबदल पाहा. थोडा खर्च वाढेल, पण आम्ही केला.

निशिगंध : लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो. ऑस्ट्रियासह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर पहारेबदल पाहायचा असेल, तर कोपनहेगनच्या आमालिएनबोर्ग राजवाड्यासमोर तो रोज दुपारी बारा वाजता होतो.

मुळामुठा : प्रश्न व्हिएन्नाचा आहे. होफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यातील पवित्र रोमन साम्राज्याचा रत्नजडित अष्टकोनी मुकुट पाहा. थाट त्यातच आहे.

निशिगंध : खजिना मंगळवारी बंद असतो. त्याऐवजी तिथल्याच स्पॅनिश अश्वविद्यालयात पांढऱ्या लिपिझानर घोड्यांचा सकाळचा सराव पाहावा. त्याचे तिकीट मुख्य प्रयोगापेक्षा स्वस्त असते.

सुगरण_नागपूर : आईंना फ्रिटाटेनझुपे हे सूप देऊ नका. धिरड्याच्या पट्ट्या पाहून ते शाकाहारी वाटते, पण त्यातील पाणी गोमांसाचे असते. कैसरश्मार्न मात्र जरूर द्यावे. अंड्याच्या जाड, लुसलुशीत धिरड्याचे तुकडे करून ते शिजवलेल्या आलुबुखाऱ्यांसोबत वाढतात. साखरटोर्टे हा चॉकलेट केक कोरडा असतो.

अलकनंदा : तो साखर न घातलेल्या फेटलेल्या सायीबरोबरच खायचा असतो, म्हणून कोरडा लागत नाही. आणि शोनब्रुन चुकवू नका.

कोकणकडा : तिकीट आधी काढा, हे पुन्हा सांगतो.

मुळामुठा : वडिलांसाठी बेल्व्हेडेअर राजवाडा. चित्रकार क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र तिथेच आहे.

वाटसरू_ठाणे : सर्वांचे आभार. घरी चर्चा करून कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयाची तिकिटे काढली, ती ८० युरोंत बसली. हाब्सबुर्ग राजघराण्याने शतकानुशतके जमवलेली चित्रे ठेवण्यासाठीच फ्रान्झ योसेफने ही वास्तू उभारली आणि ती १८९१ मध्ये उघडली. चित्रकार ब्रॉयगलचे १५६५ मधील ‘बर्फातील शिकारी’ मूळ स्वरूपात पाहण्याची वडिलांची फार दिवसांची इच्छा आहे. तिथल्या संगमरवरी जिन्यावर आईला थाट दिसेल आणि क्लिम्टने कमानींच्या बाजूंना रंगवलेली चित्रेही पाहता येतील. संध्याकाळी शोनब्रुनची बाग पाहू, कारण तिथे प्रवेश विनामूल्य आहे. फ्रिटाटेनझुपेचे नाव आईला लिहून दिले आहे.