राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवली, तरी ग्रंथसूचीत पुस्तक सापडत नाही

छोटा प्रकाशक: मराठी कवितासंग्रह काढला, ३०० प्रती. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घेतलाय. कोलकात्याला प्रत पाठवली, पोचही आली. पण राष्ट्रीय ग्रंथसूचीत, म्हणजे देशात निघालेल्या पुस्तकांच्या यादीत, नोंद सापडत नाही. आणखी कुठे पाठवायची असते का?

सूचीकार: आयएसबीएन वेगळा, डीबी अ‍ॅक्ट (डिलिव्हरी ऑफ बुक्स, ग्रंथालयांना प्रती देण्याचा कायदा) वेगळा, एक केलं म्हणून दुसरं होत नाही. १९५४च्या या कायद्याने चार प्रती द्यायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. मुदत प्रकाशनापासून ३० दिवस, टपालखर्च आपला. कोलकात्याची प्रत उत्तमातली हवी. काही प्रती भारी कागदावर काढल्या असतील तर त्यांतलीच, शिवलेली, चित्रं-नकाशांसकट. बाकी तिघांना विक्रीची साधी प्रत चालते.

पहिली आवृत्ती दिली असेल तर जशीच्या तशी काढलेली दुसरी द्यावी लागत नाही. मजकुरात भर पडली की पुन्हा चार. दंड म्हणाल तर ५० रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. तक्रारही केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करायची. मग कोण घाबरतंय!

बेल्व्हेडियरकर: नोंदीचा घोळ निराळा आहे. पोच ग्रंथालय देतं, सूची मात्र सेंट्रल रेफरन्स लायब्ररी करते. दोन्ही संस्कृती मंत्रालयाखाली, दोन्ही अलीपूरच्या बेल्व्हेडियर आवारात, पण कचेऱ्या दोन. कोलकात्यात डीबी अ‍ॅक्टखाली आलेल्या प्रतींवरून सूची तयार होते, पण दुसऱ्या कचेरीत, त्यामुळे पोच आली म्हणजे नोंद झाली असं नाही. गाइडं आणि किरकोळ छपाई सूचीत घेतच नाहीत. कवितासंग्रहाला ती अडचण नाही.

शोधलंत कसं? सगळ्या भाषांची एकत्र सूची रोमन लिपीत असते. ‘ळ’साठी एलखाली टिंब, दीर्घ स्वरावर आडवी रेघ. आपण ‘ज्ञ’ डी-एन-वायने लिहितो, तिथे तो जे-खाली लागतो.

छोटा प्रकाशक: शीर्षक ‘ज्ञ’नेच सुरू होतं! मी डी-खालीच बघत होतो. आता जे-खाली बघतो, आणि उरलेल्या तीन प्रती उद्याच टाकतो.

सूचीकार: सोबत एका कागदावर शीर्षक, लेखक, भाषा, आवृत्ती, किंमत, पानं आणि प्रकाशनाची तारीख लिहा. तारखेत नुसतं ‘दिवाळी’ नको, ३० दिवस मोजायचे कुठून?