सहवैमानिकाने सांगूनही कॅप्टन का थांबत नाहीत?

प्रश्न (इंदूर): माझी मुलगी वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे, म्हणून विचारते. मंगळूरच्या २०१० च्या अपघातात १५८ जण गेले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगूनही कॅप्टनने विमान उतरवलेच. असे का व्हावे?

उत्तर १: चौकशीनुसार कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून अधिक झोपले होते. जाग आल्यावर विचारशक्ती काही काळ मंद राहते, आणि विमान तर फार उंचावरून येत होते.

उत्तर २: ताई, झोपेपेक्षा अधिकाराची उतरंड मला अधिक घातक वाटते. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर १९७७ मध्ये धुक्यात उड्डाण घेताना फ्लाइट इंजिनिअरने (कॉकपिटमध्ये यंत्रणांवर लक्ष ठेवणारा कर्मचारी) धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका काढली. कॅप्टनने ती झटकली, विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाला धडकले आणि ५८३ माणसे गेली. मुलीला ठामपणे बोलण्याचा सराव आतापासूनच द्यावा.

प्रश्नकर्ती: आज रात्रीच तिच्याशी बोलते.