घड्याळवाल्या काकांकडे परत जावं का? (ठाणे)

चरईकरीण:
बाबांचं एचएमटी जनता मनगटी घड्याळ आहे. किल्लीचं, १७ ज्युएलचं (म्हणजे आत झीज कमी करणारे १७ बारीक खडे), डायलवर देवनागरीत 'जनता'. १९७८ साली वागळे इस्टेटमधल्या नोकरीच्या बोनसातून घेतलेलं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून कपाटात पडून होतं. जूनमध्ये काढून किल्ली दिली तर चालू झालं की! फक्त दिवसाला दहाएक मिनिटं मागे पडायचं.

स्टेशनकडून येताना एका जिन्याखाली घड्याळवाले काका बसतात, त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला दिलं. (जागा नेमकी सांगत नाही, कुणाच्या पोटावर पाय नको.) आठ दिवस म्हणाले, तीन आठवडे लागले. एकदा पाऊस, एकदा गाव, एकदा नुसतंच "उद्या". सातशे रुपये घेतले. पहिले दोन दिवस घड्याळ अगदी बरोबर, आणि मग सुटलं ते सुटलंच. शनिवारी सकाळी मोबाइलशी जुळवून ठेवलं, रविवारी त्याच वेळेला २२ मिनिटं पुढे.

तेही चाललं असतं एक वेळ. पण किल्ली (कडेचं फिरवायचं गोल बटण) बदललीय. बाबांची किल्ली झिजून पार गुळगुळीत झाली होती, दाते नावालाच. ते आकाशवाणीवरच्या बातम्या लागायच्या आधी रेडिओजवळ उभे राहून किल्ली द्यायचे, डोळे खिडकीबाहेर. आताची चकचकीत आहे आणि बोटाला टोचते. मला विचारलं नाही, देताना सांगितलं नाही, आणि बिल म्हणजे कॅलेंडरच्या कागदामागे लिहिलेलं '७००'.

फोन केला तर म्हणाले, "घेऊन या ताई, फुकट बघून देतो." आवाजात राग नाही, दिलगिरीही नाही. नवरा म्हणतो, मॉलमधल्या मोठ्या दुकानात दे. मी अडकलेय. पुन्हा त्यांच्याच हातात द्यावं का?

खोपटचा_खडूस:
अजिबात नाही. तीन आठवडे लावून बिघडवून दिलं, आणि आता फुकटात अजून बिघडवून देणार. विचारल्याशिवाय पार्ट बदलणारा माणूस उद्या मशीनही बदलेल. मी आमच्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाच्या बाबतीत हे भोगलंय. आता ते शोभेचं आहे, दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

पाच_ठोके:
खडूसराव, थांबा जरा.

ताई, आधी मागे पडत होतं ते बहुतेक तेल सुकल्यामुळे. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवस बरोबर चाललं म्हणजे काकांनी ते काम केलेलं दिसतंय. दोन दिवसांनी अचानक २२ मिनिटं पुढे, हे वेगळं दुखणं आहे. माझा संशय चुंबकावर. आतल्या चाकावर केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते, हेअरस्प्रिंग. तिला चुंबक लागला की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक भराभर हलतं. जनता सेकंदाला पाच ठोके देतं, हिशेब तिथेच बिघडतो. तेल जास्त होऊन स्प्रिंगला लागलं तरी हेच होतं, आणि तसं असेल तर मात्र चूक काकांची.

होकायंत्राजवळ घड्याळ न्या. सुई चांगलीच हलली तर चुंबक. (घड्याळातल्या स्टीलच्या भागांमुळे किंचित हलू शकते, तेवढ्याने घाबरू नका.) चुंबक काढायचं यंत्र असतं, काही सेकंदांचं काम.

आणि एक सांगा, रात्री घड्याळ कुठे ठेवता?

चरईकरीण:
...ब्लूटूथ स्पीकरवर. उशाशी तीच एक सपाट जागा आहे.

पाच_ठोके:
😄 स्पीकरमध्ये चांगला दणकट चुंबक असतो ताई.

किल्लीचं मात्र काकांचं चुकलंच. झिजलेली किल्ली बोटातून सटकते म्हणून बदलतात, त्यात वावगं काही नाही, पण विचारायला हवं होतं. जुनी मागून बघा. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं सरकारने २०१६ साली ठरवलं, तेव्हापासून जुन्या कारागिरांचा सगळा भरवसा डबीतल्या जुन्या सामानावर. ते काही फेकत नाहीत.

नेरूळची_काकू:
मॉलमध्ये दिलंस तर ते सेल बदलतील आणि किल्लीचं बघून बावचळतील. जा त्यांच्याकडेच, पण ठेवून येऊ नकोस. समोर स्टूल घेऊन बस.

खोपटचा_खडूस:
स्पीकरवर?! बरं. माझं अर्धं मत मागे घेतो. किल्लीचं अर्धं ठेवतो.

चरईकरीण:
आज जाऊन आले. काकूंचं ऐकून स्टुलावर बसले.

घड्याळ टेबलावर ठेवलं तर काकांनी खणातून होकायंत्र काढलं. मी काही बोलायच्या आतच. सुई गर्रकन वळली. "कशावर ठेवता?" मी सांगितलं. त्यांनी फक्त भिंगातून माझ्याकडे बघितलं, तेवढं पुरलं. निळ्या डबीसारख्या यंत्रावर बटण दाबून घड्याळ हळूहळू लांब नेलं, झालं. मागचं झाकण उघडून मला भिंग दिलं आणि स्प्रिंग दाखवली. वेढे सुटे सुटे, श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर होत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तारखा होत्या: ४-८३, ९-९१, अजून दोन पुसट, आणि शेवटी त्यांची स्वतःची, या जुलैची. बाबा सर्व्हिसिंगला कुणाकडे जायचे ते मी कधी विचारलंच नव्हतं.

पैसे घेतले नाहीत. मग मी किल्लीचं काढलं, आणि आवाज चढला माझा, कबूल करते. ते म्हणाले, "झिजलेली किल्ली कोण परत मागतं, ताई?" मी म्हटलं, मी मागतेय. त्यावर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं."

पार्लेच्या पुड्याएवढा पत्र्याचा डबा काढून त्यांनी पेपरवर उपडा केला. शेदीडशे किल्ल्या असतील, तांदळात खडे शोधावेत तशा आम्ही दोघांनी बोटाने बाजूला केल्या. पाऊण तास. मधे एक गिऱ्हाईक पट्टा बदलायला आलं, त्याला काकांनी थांबवून ठेवलं. शेवटी जनताच्या मापाच्या, गुळगुळीत झालेल्या तीन उरल्या. बाबांचे हात कायम ग्रीसचे, म्हणून दात्यांत काळं आहे का ते भिंगातून बघितलं. तिन्हींच्या दात्यांत काळं. काका म्हणाले, "वागळेतली सगळी माणसं इथेच यायची."

तिन्ही घेऊन आले. घड्याळ आता जेवणाच्या टेबलावर आहे, स्पीकर दुसऱ्या खोलीत. सकाळपासून अजून तरी मोबाइलच्या बरोबर आहे. उद्या याच वेळेला बघून लिहिते.