'स्थिर वेग' की 'एकसारखा वेग'? एअर रायफलच्या ट्यूनिंगमधले शब्द

चौकस: पीसीपी एअर रायफलच्या, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलच्या ट्यूनिंगवर लिहितोय. 'कन्सिस्टंट व्हेलॉसिटी'ला 'स्थिर वेग' चालेल ना? 'ट्यूनिंग' आणि 'एफिशियन्सी'ला काय म्हणावं?

शब्दखोर: 'स्थिर वेग' नको. शाळेच्या पुस्तकात त्याचा अर्थ न बदलणारा वेग असा आहे आणि छर्रा तर नळीतून सुटल्यापासून मंदावतच जातो. तुम्हाला म्हणायचंय की दर छर्ऱ्याचा नळीच्या तोंडाशी वेग सारखा यावा. मग 'एकसारखा वेग' म्हणा. 'सातत्य' सुचवतील कुणी, पण सातत्य म्हणजे खंड न पडणं, ते इथे बसत नाही. क्रोनोग्राफवरच्या, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरच्या, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतल्या फरकाला 'तफावत' म्हणा. १६८ ते १७४ मीटर प्रति सेकंद असेल, तर तफावत ६.

हवापाणी: ट्यूनिंगला 'जुळवणी'. तानपुरा जुळवतात तशी. तार जास्त ताणली म्हणून सूर चांगला लागत नाही, आणि हॅमरची स्प्रिंग जास्त आवळली म्हणून रायफल चांगली होत नाही. लोक 'ट्यूनिंग' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या डोक्यात फक्त 'ताकद वाढवणे' असतं, म्हणून हे बोलतोय.

हॅमर झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते, तेवढी हवा छर्ऱ्यामागे जाते. रेग्युलेटर, म्हणजे झडपेकडे जाणाऱ्या हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, असलेल्या रायफलीत स्प्रिंग आवळत गेलं की वेग वाढतो, मग एका जागी वाढायचा थांबतो. त्यापुढे झडप जास्त वेळ उघडी राहते, पण तोवर छर्रा नळीबाहेर! ती हवा नुसती आवाज करते. म्हणून त्या कमाल वेगापासून ३-४ टक्के खाली येईपर्यंत स्प्रिंग सैल करतात. तिथे आणखी एक फायदा आहे: रेग्युलेटरचा दाब जरासा चढला तर झडपेला उघडायला जड जातं, ती कमी वेळ उघडते, आणि वेग जवळपास तिथेच राहतो. एकसारखेपणा आणि हवेची बचत एकाच जागी सापडतात ते यामुळे. (हॅमर उसळून झडपेवर पुन्हा आदळतो, त्यालाही हवा जाते. त्याला मराठी शब्द मला सुचलेला नाही, 'उसळी' म्हणतो.)

चौकस: मग हॅमरला 'घोडा' का नाही? शब्द जुना आहे.

शब्दखोर: जुना आणि नेमका, पण हिंदीतल्या 'घोडा दबाना'मुळे बरेच वाचक घोडा म्हणजे चाप समजतात. हॅमरच ठेवा. व्हॉल्व्हला 'झडप' मात्र उत्तम.

चौकस: आणि 'कार्यक्षमता'?

हवापाणी: आकडा देताना ठीक: ठरावीक हवेत किती ज्यूल ऊर्जा मिळाली. एरवी 'हवा कमी लागते' इतकं सरळ लिहा. 'काटकसर' म्हटलं तर काहीतरी सोडल्यासारखं वाटतं. तसं थोडं सोडावं लागतंच: ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, वेग ३ टक्के उतरला की ऊर्जा सुमारे ६ टक्के उतरते.

शब्दखोर: एक राहिलं. 'बार' हा दाबाचाही आणि बंदुकीचाही. '२०० बार भरून ६० बार निघतात' असं लिहू नका, वाचक गडबडेल. 'दाब २०० बार, छर्रे ६०' असं लिहा.