मदत हवी आहे: खाडीच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

मी वाशीला राहते. दोन हिवाळे सागर विहारपाशी खाडीवर जाऊन लांब चोचीचे गॉडविट, चिखल्या, छोटे टिलवे यांचे फोटो काढते आहे. नुसता उभा पक्षी नको आहे मला, तो खातो कसा ते हवंय. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स 70-300 मिमी.

चिखल्या त्यातल्या त्यात सोपा. तो डोळ्यांनी भक्ष्य शोधतो: चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो. थबकला की बटण दाबायचं, एवढं जमलंय. गॉडविटचं भक्ष्य मात्र चिखलाच्या आत, चोचीच्या टोकाला लागेल तेव्हाच त्याला कळणार. मागच्या महिन्यात एक अगदी जवळ आला होता. चोच मुळापर्यंत आत, कपाळाला चिखल, मग मानेला दोन हिसके आणि रबरासारखा ताणलेला लालसर किडा बाहेर. गिळेपर्यंत सेकंदही गेला नसेल. माझ्याकडे आली ती चिखलाने माखलेली रिकामी चोच.

मी आणखी दोन पावलं पुढे गेले आणि सगळा थवा उडाला. उन्हाळ्याच्या तोंडाला यांना हजारो किलोमीटर उत्तरेला परतायचं असतं, त्यासाठी अंगावर चरबी चढवायची असते. माझ्या फोटोपायी त्यांचं चरणं मोडलं, याचं फार वाईट वाटलं.

व्हिडिओंमध्ये सगळे वाळूवर पालथे पडून फोटो काढतात. इथे गुडघाभर चिखल! मग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर कसं यायचं? गेल्या रविवारी आठला पोहोचले तर सगळे लांब, पाण्याच्या कडेला. ऐरोलीहून पक्षी बघायला नेणारी बोट आहे, पण ती पाणी असतानाच सुटते आणि तेव्हा चिखल बुडालेला असतो. कुणी अनुभवी सांगेल का?

प्रतिसाद

ताई, गेल्या रविवारी अष्टमी होती. आमच्या दिवाळे गावातला हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. तुम्ही पोहोचलात तेव्हा ओहोटी लागून दोन तास झाले होते, पक्षी पाण्यामागे जाणारच. खाडीत आतवर थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही.

पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंत जा, उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळी सव्वासातच्या सुमारास. तेव्हाच काठावर बसा आणि हलू नका. पाणी चढेल तसे पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतील. वाशीचा काठ खाडीच्या पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, हे जुळत नाही.

पातळीसाठी चिखलात उतरू नका. काठावर शक्य तितकं खाली बसा आणि पायाखालचा पक्षी सोडून थोडा लांबचा निवडा, कोन आपोआप सपाट होतो. मात्र ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ, अस्पष्ट येतात, म्हणून नऊच्या आत जेवढं होईल तेवढं.

शटर 1/2000 सेकंद, फोकस डोळ्यावर, आणि एकच गॉडविट धरून ठेवा. त्याच्या वरच्या चोचीचं नुसतं टोक चिखलाच्या आत उघडतं, म्हणून पकड बाहेरून दिसत नाही. चोच भराभर खालीवर चालली असेल तर थांबा. ती एका जागी रुतून राहिली की बर्स्ट (सलग भराभर फोटो) सुरू करा. तुम्ही सांगितलेल्या हिसक्याची वाट पाहाल तर उशीर होईल.

आणि पाणी पूर्ण भरल्यावर ते कुठेतरी दाटीने विसाव्याला बसतात, तिथे अजिबात जाऊ नका.