मदत हवी आहे: चिखल्या बऱ्या होतात आणि परत येतात

पायाची करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजून फुगल्यासारखी. सोललं की खाली लाल ओली भेग. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने तीन दिवसांत आराम, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. ट्यूब बदलू का? मेंदी लावली तर चालेल?

उत्तर १
आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड. खाज आणि लाली दबते, पण चिखल्यांमागची बुरशी खाली निवांत वाढते. बुरशीवरचं एकच औषध असलेली ट्यूब घ्या: क्लोट्रिमॅझोल १%, दिवसातून दोनदा, ४ आठवडे. बेचकं आठवड्यातच स्वच्छ दिसेल. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि फसतात. मुगाएवढा ठिपका एका बेचक्याला पुरतो, पण भेगेच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत चोळा.

मेंदीने बेचकं सुकतं, तेवढाच उपयोग. काळी मेंदी मात्र अजिबात नको, तिच्यातल्या रसायनाने फोड येतात.

उत्तर २
औषधाइतकंच कोरडेपण महत्त्वाचं. टॉवेलचं टोक प्रत्येक बेचक्यातून ओढून काढा, दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग क्रीम. ओल्या बेचक्यात टाल्कम भरली तर तिचाच चिखल होतो. पावसात भिजलेले बूट दुसऱ्या दिवशी घालू नका. कागद कोंबून पूर्ण सुकू द्या, तोवर उघडी चप्पल. पायाचा टॉवेल जांघेला लावायचा नाही, आणि कपडे घालताना मोजे आधी, चड्डी नंतर. गजकर्ण बऱ्याचदा पायातूनच वर चढतं.

उत्तर ३
बेचक्यात हिरवट झाक आणि उग्र वास असेल तर जिवाणूही शिरलेत, नुसती बुरशीची क्रीम पुरणार नाही. टाचेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आणि वास, तर तो वेगळाच जिवाणूंचा आजार. मधुमेह असेल, किंवा पाऊल सुजून लाली वर सरकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

विचारणारे
वाचलं. क्लोबेटासोल, मायकोनॅझोल, निओमायसिन.

उत्तर १
मग आजपासून बंद. पहिले काही दिवस खाज आधीपेक्षा जास्त उसळेल; नवी ट्यूब लागू पडत नाही असं वाटून जुनीकडे वळू नका. ४ आठवड्यांनीही भेग राहिली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन कातडी खरवडून तपासून घ्या, आणि जाण्याआधी आठवडाभर काहीच लावू नका, नाहीतर बुरशी असूनही तपासणीत दिसत नाही.